मुखवट्यामागचा अधिकार : काष्ठशिल्पी मंगो मार्टिन

आपल्या जव्हार-मोखाडा भागात बोहाडा भरतो, तेव्हा रात्रीच्या उजेडात देवदैत्यांची सोंगे नाचत येतात. तेथे मुखवट्याला नुसता ‘मुखवटा’ म्हणून भागत नाही. मुखवटा, तो घालणारा आणि त्याच्याबरोबर वाजणारे वाद्य मिळून ‘सोंग’ होते. अमुक सोंग अमुक घराण्यानेच नाचवायचे, अशी रीतही अनेक गावांत आहे. तोच मुखवटा भिंतीवर टांगला, तर त्याला सोंग म्हणता येईल काय? हा प्रश्न मनात ठेवून हजारो मैल दूरच्या एका आदिवासी कलावंताचे चरित्र पाहिले, तर त्याच्या कलेचे मर्म आपल्याला लवकर उमगेल.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, क्वाक्वाकावाक्व हे आदिवासी लोक राहतात. त्यांच्या समाजजीवनाचा कणा म्हणजे ‘पॉटलॅच’ हा समारंभ. नामकरण, विवाह, मृत्यू, वारसा अशा प्रसंगी यजमान पाहुण्यांना बोलावतो, आपल्या घराण्याची नृत्ये व गाणी सादर करतो आणि भेटवस्तू वाटतो. भेट स्वीकारणारा पाहुणा त्या प्रसंगाचा साक्षीदार ठरतो. या लोकांच्या जुन्या व्यवहारात दस्तऐवज नव्हते. पॉटलॅच हाच त्यांचा दस्तऐवज होता. म्हणून मुखवटा ही तेथे केवळ शोभेची वस्तू नाही. त्यासोबत एक नाव, एक गाणे, एक नृत्य आणि ते सादर करण्याचा वंशपरंपरागत अधिकार असतो.

हे मुखवटे रेड सीडर या झाडाच्या लाकडाचे करतात. हे लाकूड हलके आणि सरळ धाग्याचे असते. वाकसाने ओबडधोबड आकार काढायचा, मग वाकड्या पात्याच्या सुरीने बारीक काम करायचे. पूर्वी कोळसा, गेरू यांची पूड सामन माशाच्या अंड्यांत कालवून रंग बनवीत. ‘हामात्सा’ नृत्यातील नरभक्षक पक्ष्यांचे मुखवटे तर पाहणाऱ्याला दचकवतात. लांबलचक चोच, आत लपवलेली दोरी आणि खाली लोंबणारी झाडाच्या सालीची झालर. नर्तक शेकोटीभोवती फिरत मध्येच खाली बसतो, दोरी ओढतो आणि चोच खट्‌खट्‌ मिटते. मुखवटा कोरताना शिल्पीच्या डोळ्यांसमोर हा अंधार, हा उजेड आणि हा आवाज असावा लागतो. ज्याला नृत्य ठाऊक नाही, त्याला हा मुखवटा कसा साधावा?

मंगो मार्टिन यांचा जन्म १८७९ च्या सुमारास फोर्ट रूपर्ट येथे झाला. त्यांचे सावत्र वडील चार्ली जेम्स हे नामांकित काष्ठशिल्पी. त्यांच्याच हाताखाली मंगो शिकले. परंतु हे शिक्षण सरकारच्या डोळ्यांत खुपणारे होते. १८८४ साली कॅनडा सरकारने पॉटलॅचवर बंदी घालणारा कायदा केला आणि पुढच्या वर्षी तो अमलात आला. या प्रथेमुळे लोक उधळे बनतात व ‘सुधारणे’च्या आड येतात, असे राज्यकर्त्यांचे व मिशनऱ्यांचे म्हणणे होते.

डिसेंबर १९२१ मध्ये व्हिलेज आयलंड येथे डॅन क्रॅनमर यांनी मोठा पॉटलॅच केला. सरकारने ४५ जणांवर खटले भरले. भाषण करणे, नाचणे, भेटी वाटणे हे त्यांचे गुन्हे! मुखवटे व समारंभाच्या वस्तू सरकारजमा केल्या, तर शिक्षा स्थगित होईल, असा पर्याय ठेवण्यात आला. अशा रीतीने शेकडो वस्तू संग्रहालयांत गेल्या आणि काही माणसे तुरुंगात गेली. दूरच्या खाड्यांमधील गावांत समारंभ लपूनछपून चालू राहिले. पण शिल्पींचा पोशिंदा असलेला समाजच जखडला गेला होता. मार्टिन यांनी मासेमारीवर संसार चालवला. हातातले काम कमी झाले, तरी गाणी मात्र त्यांनी स्मरणात जपून ठेवली.

१९५१ साली कायद्यातून ही बंदी वगळण्यात आली. त्याच सुमारास सत्तरी ओलांडलेल्या मार्टिन यांना व्हँकुव्हरच्या विद्यापीठाने जुने स्तंभ दुरुस्त करण्यास बोलावले. इडा हाल्पर्न या संगीत-अभ्यासिकेने त्यांच्या तोंडून शंभराहून अधिक गाणी ध्वनिमुद्रित करून घेतली. १९५२ पासून व्हिक्टोरिया येथील प्रांतिक संग्रहालयात ते प्रमुख शिल्पी झाले. तेथे त्यांनी स्तंभ कोरले आणि जावई हेन्री हंट व नातू टोनी हंट यांना तयार केले. १९५६ साली व्हिक्टोरियात उभारलेला त्यांचा स्तंभ सुमारे १२७ फूट उंच होता.

पण त्यांचे खरे मोठेपण १९५३ च्या प्रसंगात दिसते. संग्रहालयाच्या आवारात त्यांनी परंपरागत पद्धतीचे मोठे घर बांधले. संग्रहालयाच्या दृष्टीने बांधकाम संपले, की घर पुरे झाले. मार्टिन यांच्या दृष्टीने मात्र घराचे नाव व त्यावरील चिन्हे यांवरील आपला अधिकार साक्षीदारांसमोर जाहीर झाल्याशिवाय ते घर पुरे होत नव्हते. म्हणून त्या डिसेंबरात तेथे पॉटलॅच झाला. बंदी उठल्यानंतरचा तो पहिला जाहीर पॉटलॅच. जेथे वस्तू निपचित पडून राहतात, त्या संग्रहालयाच्या अंगणात मुखवटे पुन्हा नाचले!

संग्रहालयाची नोकरी करून मार्टिन यांनी आपली कला परक्यांच्या हाती दिली, असा आक्षेप कोणी घेईल. त्यात थोडे तथ्यही आहे. पगार देणारी संस्था सरकारीच होती. पण वस्तू देताना त्यांनी तिच्यामागचा अधिकार, गाणे आणि शिष्य हे आपल्या लोकांतच राखले. नुसत्या वस्तू राहिल्या असत्या, तर कला संपली असती. गाणी आणि शिकलेले हात राहिले, म्हणून ती टिकली.

१६ ऑगस्ट १९६२ रोजी मार्टिन वारले. त्यांचे पार्थिव त्यांनीच बांधलेल्या घरात ठेवण्यात आले व नंतर कॅनडाच्या नौदलाच्या जहाजाने अलर्ट बे येथे दफनासाठी नेण्यात आले. ज्या सरकारने त्यांच्या लोकांना नाचल्याबद्दल तुरुंगात टाकले, त्याच सरकारने त्यांना हा मान द्यावा, हा काळाने घेतलेला सूडच म्हणावा लागेल. १९२१ च्या पॉटलॅचनंतर नेलेल्या वस्तूंपैकी बऱ्याच पुढे परत आल्या. त्यांच्यासाठी १९८० साली अलर्ट बे येथे ‘उमिस्ता’ नावाचे केंद्र उघडले. शत्रूने धरून नेलेला माणूस घरी परत येणे, म्हणजे उमिस्ता. मुखवट्यांना या लोकांनी दिलेला हा शब्द माणसांसाठीचा आहे, हे आपण लक्षात घ्यावे. बोहाड्यातील सोंग पाहताना ‘काय सुंदर कोरीवकाम!’ एवढेच म्हणून न थांबता, ‘हे सोंग कोणाचे?’ असेही आपण विचारले, तर या थोर काष्ठशिल्पीचा धडा आपण थोडाफार शिकलो, असे म्हणता येईल.