दीर्घ श्वासाचा हिशेब

"दीर्घ श्वास घ्या, म्हणजे रक्तात भरपूर ऑक्सिजन जाईल," हे वाक्य प्राणायाम शिकताना हमखास कानी पडते. हिशेब मांडून पाहिला तर ते अर्धेच खरे ठरते.

शांत बसलेला प्रौढ माणूस एका श्वासात सुमारे ५०० मि.लि. हवा घेतो. त्यातील जवळजवळ १५० मि.लि. नाक, घसा व श्वासनलिका यांतच राहते. वायूंची देवघेव होते ती फुप्फुसांतील वायुकोशांत. समजा, मिनिटाला एकूण ७,५०० मि.लि. हवा घ्यायची आहे. १५ श्वासांत घेतली, तर वायुकोशांपर्यंत ३५० × १५ = ५,२५० मि.लि. पोचते. घाबरून प्रत्येकी २५० मि.लि.चे ३० उथळ श्वास घेतले, तर १०० × ३० = ३,००० मि.लि.च! आणि १,२५० मि.लि.चे ६ संथ श्वास घेतले, तर १,१०० × ६ = ६,६०० मि.लि.

म्हणजे रक्तातील ऑक्सिजनही तितका वाढला का? नाही. निरोगी माणसाच्या धमन्यांतील हीमोग्लोबिन साध्या श्वासानेही सुमारे ९७ टक्के भरलेले असते. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतून काय उपयोग?

बदलतो तो कार्बन डायऑक्साइड. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः हा वायू रक्तात साठल्यामुळे. भस्त्रिकेसारखे जलद, खोल श्वास फार वेळ घेतले, की तो गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. (काहींना हीच प्रगतीची खूण वाटते!) विहिरीत बुडी मारण्याआधी काही मुले मुद्दाम असे श्वास घेतात. हे कधीही करू नका. ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही. फक्त धोक्याची घंटा उशिरा वाजते. श्वासाची गरज जाणवण्यापूर्वीच पाण्याखाली शुद्ध हरपते. पट्टीचे पोहणारेही असे दगावले आहेत.

मग संथ श्वासाचा फायदा कशात? १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद यांनी क्ष-किरण, दाबमापक अशी साधने घेऊन योगक्रियांचे मापन सुरू केले. आपल्याला मनगटावर ठेवलेली तीन बोटे पुरतील. सावकाश पूरक करा. नाडी किंचित जलद होते. सावकाश रेचक करा, ती मंदावते. रेचकाच्या वेळी हृदयाला आवरणाऱ्या व्हेगस या चेतेचा प्रभाव वाढतो. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास असले, की हा चढउतार बहुधा सर्वांत मोठा होतो. रक्तदाब सांभाळणाऱ्या यंत्रणेचा स्वतःचा आवर्तकाल सुमारे १० सेकंदांचा आहे. झोक्याला त्याच्या लयीत धक्के द्यावेत तसे हे होते. पदार्थविज्ञानात आपण यालाच अनुस्पंदन म्हणतो.

परीक्षेच्या आधी छाती धडधडत असेल, तर ४ सेकंद श्वास आत, ६ सेकंद बाहेर, असे पाच मिनिटे करून पाहा. कुंभक नको, जोर नको; गरगरले तर थांबा. दमा किंवा हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. आधीची व नंतरची नाडी वहीत लिहा आणि वर्गातील सर्वांचे आकडे एकत्र मांडा. प्रत्येकाची नाडी उतरेलच असे नाही. न उतरलेलेही आकडे लिहायचे.