मुलाचे मन आजारी पडते तेव्हा



वयात येणारी मुले चिडतात, रुसतात. आपण ते वयावर सोडून देतो. पण एखादा मुलगा आठवडाभर दोन-तीन तासच झोपूनही थकत नाही, अखंड बोलतो, पैसे उधळतो आणि पुढे कित्येक आठवडे अंथरुणातून उठत नाही, तेव्हा तो हट्टच असेल असे नाही. तो बायपोलर, म्हणजे द्विध्रुवी मनोविकार असू शकतो. निदान मानसोपचारतज्ज्ञानेच करावे. नुसत्या नैराश्यावरच्या गोळ्यांनी या आजारात उन्माद उसळू शकतो. म्हणून मुलाचे ते अति उत्साहाचे दिवसही डॉक्टरांना आवर्जून सांगावेत.

आपण मात्र 'नजर लागली' म्हणतो, शेजाऱ्यांपासून लपवतो किंवा फक्त नोव्हेना करतो. एलिया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर व पाणी दिले, झोपू दिले (1 राजे 19). प्रार्थना आणि औषध, दोन्ही देवाचीच देणगी.

घरात झोपेची वेळ पाळू या. लिथियम चालू असल्यास रक्ततपासणी चुकवू नये. बरे वाटले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. मूल मरणाची भाषा बोलू लागले तर त्याला एकटे सोडू नये. टेलि-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर दिवसरात्र मदत मिळते.

आणि ज्या घरी हे दुखणे आहे, तेथे आपण चौकशीला नव्हे, सोबतीला जाऊ या.