'इतर हक्कां'त सापडलेल्या आत्या

१. वंशावळ शोधताना सुरुवात सातबाऱ्यापासून करावी. महाभूमीच्या संकेतस्थळावर सोलापूर जिल्हा, अक्कलकोट तालुका, गाव आणि गट नंबर निवडला की उतारा समोर येतो. बहुतेक जण खातेदारांची नावं पाहून थांबतात. खरा ऐवज तळाशी, 'जुने फेरफार क्रमांक' या ओळीत असतो. ते सगळे क्रमांक उतरवून घ्या. जुन्या फेरफारांच्या नकलांसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करताना नेमका क्रमांक हाती असला की निम्मं काम होतं.

२. वारस नोंदीचा फेरफार सावकाश वाचा. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. 'अ.पा.क. आई' म्हणजे वारस अज्ञान, पालनकर्ती आई. आमच्या पणजीचं नाव मला याच तीन अक्षरांपुढे मिळालं. घरातल्या वंशावळीत नुसतेच पुरुष होते. मुलींना तर पूर्वी खातेदारांत न घेता 'इतर हक्क' या रकान्यात टाकत. आजोबांच्या दोघी बहिणी मला तिथे भेटल्या, नावानिशी. त्या लग्न होऊन गेल्या आणि घराच्या बोलण्यातूनही गेल्या होत्या. वंशावळ मांडणाऱ्याने हा रकाना वगळू नये, असं मी कळकळीने सांगेन.

३. आडनावावर विसंबू नका. अक्कलकोटच्या राजघराण्याचे मूळपुरुष फत्तेसिंह भोसले जन्माने लोखंडे होते. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना मुलासारखं वाढवलं. आपल्या सीमाभागात तर एकाच भावकीत मराठी आणि कानडी वळणाची आडनावं दिसतात. गाव आणि आजोबा-पणजोबांचं नाव धरून शोधा.

४. अक्कलकोट १९४८पर्यंत संस्थान होतं. 'अभिलेख पटल' या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर संस्थानाचे कागद शोधताना इंग्रजीत एकाच 'के'चं जुनं स्पेलिंगही टाकून पाहा. साध्या कुळाचं नाव तिथे क्वचितच असतं. वतनदार, इनामदार घरांनी मात्र जरूर बघावं. सोयरीक कर्नाटकातल्या आळंदकडची असेल तर तो मुलूख तेव्हा निजामाचा. तिथले बरेच जुने कागद उर्दूत.

५. २०२३पासून कुणबी नोंदींच्या शोधात अनेक जिल्ह्यांनी जुने मोडी कागद स्कॅन करून संकेतस्थळांवर ठेवले. त्यांत गाव नमुना १४, म्हणजे पूर्वीचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर, फार मोलाचं. थोडी मोडी शिकाच.

६. घराण्यांच्या वंशावळी सांगणारे हेळवी दारात आले तर शिधा देऊन वाटेला लावू नका. बसवा, घराण्याची पिढीवार नावं म्हणायला सांगा, परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड करा. मग ती नावं फेरफाराशी ताडून पाहा आणि जुळणार नाहीत ती पुढच्या वर्षी त्यांनाच विचारा.