ई-पत्रांचा प्रेषक-क्रमांक : सामायिक की स्वतंत्र?

ई-पत्र धाडणाऱ्या संगणकाचा एक आय.पी. क्रमांक असतो. पत्र स्वीकारणारा संगणक मजकुराच्या आधी या क्रमांकाची पत पाहतो. उपद्रवी क्रमांकांची काळी यादी पॉल व्हिक्सी यांनी १९९७ साली चालू केली, तेव्हापासून ही पारख रूढ होत गेली.

सामायिक क्रमांकावरून अनेक संस्थांची पत्रे जातात. त्यांतील एकीने नकोशा जाहिरातींचा मारा केला, तर निरपराध शाळेने धाडलेला परीक्षेचा निकालही रद्दीच्या कप्प्यात पडू शकतो. मग स्वतंत्र क्रमांक घ्यावा, असे साहजिकच वाटते. परंतु नव्या क्रमांकास दुर्लौकिक नसतो, तसा लौकिकही नसतो. अनोळखी क्रमांकावरून एकाएकी हजारो पत्रे आली की संशय बळावतो. म्हणून थोड्या पत्रांनी आरंभ करून काही आठवडे संख्या हळूहळू वाढवावी लागते. पुढेही ओघ खंडू देऊन चालत नाही. वर्षातून दोनदा निकाल कळविणाऱ्या शाळेस हे कोठून साधणार? तिला सुव्यवस्थित सामायिक क्रमांकच बरा.

रोज लक्षावधी पत्रे धाडणाऱ्या बँकेची गोष्ट निराळी. तिची पत तिच्याच हाती राहते, आणि दोषही तिचाच. जीमेलच्या खात्यांकडे दिवसाला ५,००० वा अधिक पत्रे धाडणाऱ्यांविषयी तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत असावे, असा गुगलचा फेब्रुवारी २०२४ पासूनचा दंडक आहे. क्रमांक स्वतंत्र असला म्हणून त्यातून सुटका नाही.