‘मोनोबुक’, ‘मिनर्व्हा’ आणि ‘ट्वेंटी ट्वेंटी-फोर’ : संकेतस्थळांच्या रूपांना नावं कशी पडतात?

प्रश्न : मी मराठी विकिपीडियावर आमच्या भागातल्या गावांविषयी अधूनमधून लिहितो. खात्यात शिरलं की पसंतीच्या पानावर संकेतस्थळाचं रूप निवडायची सोय दिसते, पण तिथली नावं वाचून बुचकळ्यात पडायला होतं. मोनोबुक काय, मिनर्व्हा काय, आणि व्हेक्टर दोनदा कशाला? माझ्या भाचीनं इथल्या वाचनालयासाठी वर्डप्रेसवर संकेतस्थळ केलं, त्याच्या रूपाचं नाव ‘ट्वेंटी ट्वेंटी-फोर’. ही नावं कोण ठेवतं आणि कशावरून? नावातलं वर्ष उलटलं की ते रूप बाद झालं असं समजायचं का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न उघड आहेत : नाव कोण ठेवतं आणि कशावरून ठेवतं. तिसरा त्यांच्या आड दडलेला आहे : एकदा ठेवलेलं नाव सहसा बदलत का नाही? पहिल्या दोनांचा उलगडा लवकर होतो. खरी मेख तिसऱ्यात आहे.

आधी रूप म्हणजे काय ते पाहू. विकिपीडियावर तुम्ही लिहिलेला मजकूर एका जागी साठवलेला असतो. तो पडद्यावर कसा मांडायचा, म्हणजे रंग कोणता, अक्षर केवढं, शोधाची चौकट कुठे, हे सांगणारी सूचनांची जुडी त्याच्यापासून वेगळी ठेवलेली असते. या जुडीला विकिपीडियावर ‘स्किन’ म्हणतात आणि वर्डप्रेसवर ‘थीम’. मजकूर तोच ठेवून जुडी बदलली की पान वेगळं दिसतं. जुड्या अनेक असल्या की कोणती हवी ते सांगता यायला हवं, आणि त्यासाठी नाव लागतं.

म्हणूनच पहिल्या रूपाला सुरुवातीला नाव नव्हतं. विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला तेव्हा त्याचा एकच चेहरा होता, आणि एकुलत्या एका गोष्टीला वेगळं नाव ठेवायची वेळ येत नाही. पुढे नव्या प्रणाली आल्या, नवे चेहरे आले. त्या सुरुवातीच्या पानांसारखं दिसणारं एक रूप मुद्दाम तयार करण्यात आलं, आणि त्याला नाव मिळालं ‘नॉस्टॅल्जिया’. जुन्या दिवसांची आठवण म्हणून केलेल्या रूपाला ते शोभूनही दिसलं.

आता नाव कोण ठेवतं ते. मोठी कंपनी जाहिरातवाल्यांना बसवून ही नावं काढत असेल, असा पुष्कळांचा समज असतो. इथे तसं नसतं. विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो ती आणि वर्डप्रेस, दोन्ही मुक्त स्रोताच्या प्रणाली आहेत. त्यांच्या घडणीत पगारी माणसांबरोबर जगभरच्या स्वयंसेवकांचा हात असतो. रूप घडवणारा आपल्या कामाला सुचेल ते नाव देतो, आणि तेच बहुधा चिकटतं. त्यामुळे सगळ्या नावांना लागू पडेल असा एक नियम शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. कुळं मात्र ओळखता येतात.

पहिलं कूळ दिसण्यावरून पडलेल्या नावांचं. मोनोबुक त्यातलं. २००४ मध्ये आलेल्या या रूपात पानाच्या पार्श्वभूमीला एका उघड्या पुस्तकाचं कृष्णधवल छायाचित्र आहे. एकरंगी म्हणून ‘मोनो’, आणि पुस्तक म्हणून ‘बुक’. हे स्वतः पडताळून पाहता येतं. विकिपीडियाचं कुठलंही पान संगणकावर उघडा. वरच्या पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह द्या, मग ‘यूजस्किन’, बरोबरीचं चिन्ह आणि ‘मोनोबुक’ हे सगळं इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहा. पान जुन्या वेशात उघडेल. सगळ्यात वर, मजकुराच्या चौकटीमागे, फिकट करड्या रंगातली पुस्तकाची पानं दिसतील. तुमच्या खात्यातली निवड यानं बदलत नाही, तेव्हा निर्धास्तपणे करून पाहा.

दुसरं कूळ मानाच्या नावांचं. मिनर्व्हा ही रोमन लोकांची बुद्धीची देवता. मोबाइलवर विकिपीडिया ज्या रूपात दिसतो त्याला तिचं नाव दिलं आहे. ज्ञानकोशाला असं नाव शोभतं, पण पान कसं दिसेल याचा त्यातून काही बोध होत नाही. वर्डप्रेसच्या जगात या कुळातली नावं जास्त. फेब्रुवारी २००५ मध्ये वर्डप्रेसची १.५ ही आवृत्ती आली आणि थीम बदलण्याची सोय तिच्यापासून सुरू झाली. तिच्यासोबत आलेली मूळ थीम होती ‘कुब्रिक’, चित्रपट दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांच्या नावाची. आंदेर्स नोरेन या स्वीडिश रचनाकारानं आपल्या थीमना हेमिंग्वे, हिचकॉक, चॅप्लिन अशी नावं दिली.

तिसरं कूळ कॅलेंडरचं, आणि तुमच्या भाचीची थीम तिथली आहे. जून २०१० मध्ये वर्डप्रेस ३.० सोबत ‘ट्वेंटी टेन’ ही नवी मूळ थीम आली. त्यानंतर प्रथा पडली की सोबत येणाऱ्या थीमला वर्षाचं नाव द्यायचं : ट्वेंटी इलेव्हन, ट्वेंटी ट्वेल्व्ह आणि पुढे. इथे एक गल्लत हमखास होते. थीमचं नाव वेगळं आणि वर्डप्रेसच्या आवृत्तीचं नाव वेगळं. आवृत्त्यांना जॅझ संगीतातल्या कलावंतांची नावं देण्याचा रिवाज आहे. १.० ही आवृत्ती मायल्स डेव्हिस यांच्या नावाची, आणि ट्वेंटी टेन घेऊन आलेली ३.० ही थेलोनियस मंक यांच्या नावाची.

नावातल्या वर्षावर फार विसंबूही नका. ट्वेंटी ट्वेंटी-फोर आली नोव्हेंबर २०२३ मध्ये, कारण ती येणाऱ्या वर्षासाठी होती. ट्वेंटी एटीन नावाची मूळ थीम तुम्हाला सापडणारच नाही. त्या सुमाराला सगळं बळ ‘गुटेनबर्ग’ या नव्या संपादकाच्या, म्हणजे मजकूर लिहिण्याच्या साधनाच्या, घडणीला लागलं होतं. तो डिसेंबर २०१८ मध्ये ५.० आवृत्तीत आला, आणि त्याच्यासोबत थेट ट्वेंटी नाइन्टीन. पुढची ट्वेंटी ट्वेंटी तर नोरेन यांच्या चॅप्लिनवरच बेतलेली आहे. म्हणजे मानाच्या नावाच्या थीममधून कॅलेंडरच्या नावाची थीम निघाली.

वर्ष उलटलं म्हणून थीम बाद होत नाही. या थीम वेगवेगळ्या आहेत, एकाच थीमच्या सुधारलेल्या आवृत्त्या नव्हेत. प्रत्येकीच्या सुधारणा स्वतंत्रपणे येत राहतात. सुधारणा येत आहेत तोवर भाचीला थीम बदलायचं कारण नाही.

आता ती मेख. नाव अडचणीचं झालं तर बदलत का नाहीत? कारण प्रत्येक रूपाला दोन नावं असतात. एक माणसांनी वाचायचं, दुसरं यंत्रानं ओळखायचं. मुंबईचं नाव १९९५ मध्ये अधिकृतपणे बदललं, पण विमानाच्या सामानावरच्या चिठ्ठीत आजही ‘बीओएम’ असतं, तसंच हे. दुसरं नाव इतक्या ठिकाणी गुंतलेलं असतं की ते हलवलं तर भलतीकडे काहीतरी मोडतं.

हे कसं घडतं ते वर्डप्रेसमध्ये स्वच्छ दिसतं. प्रत्येक थीमचा एक फोल्डर असतो आणि त्यात ‘स्टाइल’ नावाची फाइल. तिच्या माथ्यावरच एक ओळ असते : ‘थीम नेम’ आणि पुढे नाव. ही ओळ माणसांसाठी. यंत्र ओळखतं ते फोल्डरच्या नावानं. चालू थीम कोणती याची नोंद त्याच नावानं होते आणि सुधारणा आली की ती त्याच नावाच्या फोल्डरला लागू होते. एखाद्या थीमवर आधारलेली दुसरी थीम केली, तर तिलाही आपलं मूळ त्याच नावानं सांगावं लागतं. चालू थीमच्या फोल्डरचं नाव कुणी हौसेनं बदललं, तर वर्डप्रेसला ती सापडत नाही आणि संकेतस्थळाचं रूप कोसळतं. दोन थीमचं नाव एकच असलं तर एकीची सुधारणा दुसरीवर जाऊन बसेल. म्हणून वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहात एकाच नावाच्या दोन थीम घेत नाहीत.

विकिपीडियावर गुंता माणसांच्या कामापर्यंत पोचतो. जुने सदस्य आपल्या सोयीसाठी छोट्या आज्ञा लिहून ठेवतात, आणि त्या पानांच्या नावातच मोनोबुक किंवा व्हेक्टर असतं. यंत्राचं नाव बदललं तर ही पानं निराधार होतील. त्यामुळे कर्ते बाहेरची पाटी बदलतात आणि आतलं नाव राहू देतात. मोनोबुकच्या आधी जे रूप सर्वांना आपोआप दिसे त्याचं आतलं नाव होतं ‘स्टँडर्ड’. मोनोबुक आल्यावर ते प्रमाण राहिलं नाही, तेव्हा पाटीवर ‘क्लासिक’ आलं, आतलं नाव मात्र स्टँडर्डच राहिलं. मिनर्व्हाचंही तसंच झालं. २०१७ मध्ये ते स्वतंत्र केल्यावर पाटीवर ‘मिनर्व्हा नॉये’ आलं, म्हणजे जर्मनमध्ये नवी मिनर्व्हा, पण यंत्रासाठी ती नुसती मिनर्व्हाच.

तुमचे दोन व्हेक्टर यातूनच आले. पहिला २०१० चा. गणितात आणि संगणकावरच्या रेखाटनात नेहमीचा असलेला हा शब्द पानाच्या दिसण्याबद्दल काही सांगत नाही. त्याची मोठी पुनर्रचना झाली तेव्हा जुना आवडणाऱ्यांसाठी तोही ठेवायचा होता. म्हणून ‘व्हेक्टर’ हे आतलं नाव जुन्याकडेच राहिलं आणि नव्याला ‘व्हेक्टर-२०२२’ हे वेगळं नाव मिळालं. पाटीवर दोघांपुढे कंसात आपापलं साल आलं. इथेही साल अंदाजानंच घ्यायचं. इंग्रजी विकिपीडियावर हे नवं रूप सर्वांसाठी लागू झालं ते जानेवारी २०२३ मध्ये.

मला या सगळ्यात मोलाची वाटते ती कर्त्यांची ही काळजी. नाव सुचलेलं असतं एकाला, पण त्याच्या भरवशावर पुढे अनोळखी माणसं आपलं काम उभं करतात. ते मोडू नये म्हणून जुनं, बेंगरूळ नावही जपलं जातं.

तेव्हा भाचीला दोन गोष्टी सांगा. थीमच्या फोल्डरचं नाव बदलू नकोस. आणि पुढे कधी स्वतःची थीम केलीस तर नावात ‘नवी’ किंवा ‘आधुनिक’ घालू नकोस. विकिपीडियावर ‘मॉडर्न’ नावाचं एक रूप होतं, ते केव्हाच जुन्यात जमा झालं. नाव आटोपशीर असावं, दुसऱ्या कुणी घेतलेलं नसावं, आणि दहा वर्षांनी तिलाच उच्चारताना अवघड वाटू नये. एवढं पाहिलं की गावच्या नदीचं ठेवा, आवडत्या लेखकाचं ठेवा, कुणाची हरकत नाही.