'लेट' या विशेषणाविषयी

वडूज

चि. बाळ यास,

घराण्याच्या हकिकतीचा व वारसनोंदीच्या कागदांचा तू केलेला इंग्रजी तर्जुमा वाचला. अक्षर सुरेख, पण जो जो गेला त्याच्या नावाआधी सरसकट 'लेट' लावण्याचा सपाटा मला मानवला नाही.

एसटी लेट आहे असे म्हणताना आपण जो अर्थ मनात धरतो, तो या शब्दाच्या मुळाशी जवळचा; प्राचीन इंग्रजीत तो मंद, रेंगाळणारा या अर्थी नांदत होता. मंदपणातून विलंब, विलंबातून काळाचा उत्तरभाग, त्यातून नजीकचा भूतकाळ, आणि त्या भूतकाळापर्यंत जो आपल्यांत होता तो दिवंगत, अशा वळणाने तो पंधराव्या शतकात मृतांच्या नावांपर्यंत पोहोचला. सारांश, 'लेट' म्हणजे केवळ मृत नव्हे, तर हयात माणसांच्या आठवणीत असलेला मृत. म्हणून ते तुझ्या आजोबांस शोभते, परंतु पेशवाईतल्या मूळ पुरुषास लावल्यास इंग्रज वाचक बुचकळ्यात पडेल. आपल्या 'कैलासवासी'ला असली मुदत नाही, आणि 'वैकुंठवासी'तून तर गेलेल्याची उपासनाही कळते.

जुन्या दफ्तरांत याहून मोठा चकवा आहे. ग्रँट डफ १८२६ साली छापलेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासाच्या शीर्षकपृष्ठावर स्वतःस साताऱ्याचा 'लेट' पोलिटिकल रेसिडेंट म्हणवितो, आणि वारला १८५८ साली! तेथे अर्थ 'माजी' एवढाच. तेव्हा कंपनी सरकारच्या कागदांत एखाद्या हुद्द्याआधी हा शब्द दिसला, तर त्या साहेबाचे सुतक धरू नकोस.

फेरफारात तलाठ्याने जेथे 'मयत' लिहिले आहे, तेथे 'डिसीज्ड' लिही. कचेरीला मृत्यूची नोंद हवी असते, आपली हळहळ नव्हे. आणि ९ सप्टेंबर १९४२ रोजी येथील मामलेदार कचेरीवरील मोर्चात गोळीबाराला बळी पडलेले परशुराम घार्गे व त्यांचे सोबती यांस तू 'लेट' म्हटलेस, ते मुळीच खपणार नाही. त्या विशेषणात वियोग आहे, मरणाचे कारण नाही. तेथे 'मार्टर' हाच शब्द हवा.

एवढे दुरुस्त करून शुद्ध प्रत मामलेदार कचेरीत देण्यापूर्वी एकवार मला दाखवावी.

तुझा,
काका