जुन्या मोटारीचे बोल

बैलगाडी हांकणारा शेतकरी चाकाची कुरकुर ऐकतांच गाडी थांबवितो आणि आंखास वंगण घालतो. त्यानें यंत्रशास्त्राचें पुस्तक वाचलेलें नसतें. परंतु कोणता आवाज वंगण मागतो आणि कोणता आवाज सैल झालेल्या धांवेचा आहे, हें त्याचा कान त्यास सांगतो. मोटारीच्या बाबतींत मात्र आपण हा कान हरवून बसलों आहों. आवाज होऊं लागला कीं एक तर आपण कांच वर करून तो ऐकूं येईनासा करतों, नाहीं तर अंदाजानेंच एखादा भाग बदलून टाकतों. पहिल्या रीतीनें जीव धोक्यांत येतो व दुसरीनें पैसा वायां जातो. म्हणून आवाजाची परीक्षा क्रमाक्रमानें कशी करावी, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या घनसावंगी तालुक्यांतील काळी जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. त्यामुळें तिजवरील रस्ताही उंचसखल होतो. त्यांत ऊसाच्या हंगामांत भरलेल्या ट्रॅक्टरांची व बैलगाड्यांची वर्दळ! तीर्थपुरीकडे अथवा अंबडकडे जाणाऱ्या मोटारीस हे धक्के सोसावेच लागतात. आणि मोटार जुनी असली म्हणजे तिचे सांधे वृद्ध मनुष्याच्या गुडघ्यांप्रमाणें बोलूं लागतात.

हे सांधे दोन प्रकारच्या कामांचे असतात. पहिला वर्ग धक्के झेलणाऱ्यांचा. त्यांत पाटे किंवा स्प्रिंगा, त्यांची उसळी आवरणारे शॉकअब्सॉर्बर आणि लोखंडावर लोखंड घासूं नये म्हणून बसविलेले रबरी बुश हे येतात. दुसरा वर्ग चाकें वळविणाऱ्यांचा. त्यांत स्टीअरिंगचें चक्र, त्याखालील दांतेरी पेटी, चाकांपर्यंत जाणारे टाय रॉड आणि त्यांच्या टोंकांचे गोळीचे सांधे हे मोडतात. रचना मात्र गाडीगणिक भिन्न असते. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची फियाट पुढें ‘पद्मिनी’ या नांवानें प्रसिद्ध झाली. तिला पुढें स्प्रिंगा व मागें पाटे आहेत. महिंद्र कंपनीनें १९४७ पासून मुंबईंत जोडावयास घेतलेल्या जीपला चारही चाकांस पाटेच असत. १९८३ च्या डिसेंबरांत निघालेल्या मारुति ८०० या गाडीस इंजिनाची शक्ति पुढील चाकांनाच मिळते. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून निवृत्त झाली. तथापि आवडीनें जपलेल्या अशा जुन्या गाड्या अद्याप पहावयास मिळतात.

आतां परीक्षेकडे वळूं. वैद्य जसा नाडी पाहण्यापूर्वीं रोग्यास प्रश्न विचारतो, तसे आपणही चार प्रश्न विचारावे. आवाज केव्हां येतो — खड्ड्यांत, वळणावर, ब्रेक दाबतांना कीं गाडी उभी असतांनाही? आवाज कसा आहे — कुरकुर, खडखड, एकच ठोका कीं अखंड गुणगुण? वेग वाढला म्हणजे तो वाढतो काय? आणि हातांतील चक्रास त्याच क्षणीं कांहीं जाणवतें काय? या चार प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहून काढावीं. ‘आवाज कोठून येतो’ हा प्रश्न आम्हीं मुद्दाम मागें ठेविला आहे. पोलादांतून ध्वनि हवेपेक्षां सुमारें पंधरापट वेगानें जातो, आणि गाडीचा सांगाडा तो सर्वत्र पसरवितो; म्हणून डाव्या चाकाचा ठोका पुष्कळदां पायांखालींच झाल्यासारखा वाटतो. यास्तव या प्रश्नाचें उत्तर कानानें नव्हे, तर हातानें व डोळ्यानें द्यावें.

गतिरोधकावरून सावकाश जातांना कुरकुर झाली तर सुकलेल्या रबरी बुशांचा किंवा धूळ शिरलेल्या पाट्यांचा संशय घ्यावा. संशयित बुशावर थोडें पाणी ओतावें. कुरकुर क्षणभर थांबली तर अपराधी सांपडला. पुष्कळ लोक येथें डिझेल किंवा इंजिनाचें तेल सोडतात. आवाज जातो खरा, परंतु खनिज तेलानें साधें रबर फुगतें व मऊ पडून लवकर निकामी होतें.

लहान लहान खड्ड्यांतून मंद गतीनें जातांना खडखड होत असेल, तर एखादा गोळीचा सांधा झिजलेला, शॉकअब्सॉर्बरचा वरचा किंवा खालचा बुश सैल झालेला, असें समजून शोध करावा. ब्रेक दाबतांना एकच मोठा ठोका बसतो तो बहुधा सैल झालेल्या आडव्या भुजेचा, किंवा पाटे बांधणाऱ्या बोल्टांचा असतो. वेगाबरोबर वाढणारी गुणगुण चाकाच्या बेअरिंगची असण्याचा संभव अधिक. गाडी डावीकडे वळतांना भार उजव्या चाकांवर पडतो. त्या वेळीं गुणगुण वाढली तर उजवें बेअरिंग प्रथम तपासावें. मारुतिसारख्या गाडींत चक्र पुरतें फिरवून निघतांना टकटक झाली तर तो स्टीअरिंगचा दोष नसून, चाकास शक्ति पोंचविणाऱ्या दांड्याच्या सांध्याचा असतो.

यानंतर हाताची परीक्षा. गाडी सपाट जागीं उभी करून इंजिन बंद करावें. एकानें चक्र थोडें थोडें डावें-उजवें हालवावें व दुसऱ्यानें वांकून एकेक सांधा पहावा. ज्या सांध्याची एक बाजू हालते आणि दुसरी क्षणभर स्वस्थ राहते, तेथें झीज आहे. मग पुढील चाक जॅकनें उचलून, खालीं भक्कम ठोकळा देऊन, तें वरून व खालून धरून हालवावें. खेळ आढळल्यास जोडीदारास ब्रेक दाबावयास सांगावें. खेळ नाहींसा झाला तर दोष बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंग पिनचा किंवा चाकाच्या गोळीच्या सांध्याचा. चाक डाव्या-उजव्या बाजूंस धरून हालवितां खेळ लागला, तर टाय रॉडकडे पहावें. शॉकअब्सॉर्बरसाठीं गाडीचा कोपरा जोरानें दाबून सोडावा. एकदां वर येऊन तो स्थिर झाला तर ठीक, डोलतच राहिला तर तो थकला आहे.

येथें एक इशारा देणें आम्हांस अवश्य वाटतें. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणींही कदापि शिरूं नये. जमिनीवरील चाकांस दगड लावावे, आणि मुलांनीं ही परीक्षा वडील मंडळींच्या देखतच करावी.

हा क्रम सोडल्यानें काय होतें, याचें एक उदाहरण सांगतों. आमच्या परिचयाच्या एका पालकांची जुनी पद्मिनी खड्ड्यांत खडखडूं लागली. एका गावच्या कारखान्यांत पुढील दोन्ही शॉकअब्सॉर्बर नवे बसविले गेले; पैसे गेले, खडखड राहिली. ते त्याच गाडींतून आपल्या दोन मुलांस परीक्षेच्या ठिकाणीं नेत असत. आम्ही त्यांस एवढेंच विचारलें, “दादा, गाडी उभी असतांना चक्र हालविलें तर आवाज येतो काय?” त्यांनीं हालवून पाहिलें, आवाज आला. उभ्या गाडींत शॉकअब्सॉर्बरला फारसें कामच नसतें. तेव्हां दोष दुसरीकडे असला पाहिजे, हें उघड झालें. त्यांच्या थोरल्या मुलानें वांकून पाहिलें, तों डाव्या टाय रॉडच्या टोंकाचा सांधा आपल्या वाटींत उघड उघड खळखळत होता. तो सुटला असता तर चक्र हातांत राहून चाक आपल्या मनास येईल तिकडे गेलें असतें. वडील बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. गाडी तेथेंच ठेवून दुसऱ्या दिवशीं मुलें एस. टी. नें परीक्षेस गेलीं, आणि सांधा बदलून चाकांची दिशा जुळवून घेतल्यावरच ती गाडी पुन्हां रस्त्यावर आली.

यावरून आवाजांचीही पायरी ठरवितां येते. कुरकुर बहुधा आठवडाभर थांबूं शकते. बेअरिंगची गुणगुण लौकर मिस्त्रीस दाखवावी. परंतु चक्र सैल लागत असेल किंवा वळण घेतांना ठोका हातास जाणवत असेल, तर गाडी त्याच दिवशीं उभी करावी. तसेंच मिस्त्रीकडे जातांना ‘आवाज येतो’ एवढेंच न सांगतां, केव्हां व कसा येतो हें लिहिलेला कागद त्याच्या हातीं द्यावा. चांगल्या मिस्त्रीस तो कागद आवडतोच.

तरी, मुलांनो, पुढल्या खेपेस वडिलांबरोबर गाडींतून जाल तेव्हां थोडा वेळ गप्पा बंद ठेवून ऐका, आणि पालकहो, मूल “हा आवाज कसला?” असें विचारील, तर त्यास गप्प न करितां गाडी बाजूस घेऊन त्याच्याबरोबर खालीं उतरा.